डावीकडून तिसरा खांब

"खुर्ची मागे घ्या, बाई. दोरीच्या आत यायचं नाही," मी ओरडले आणि शिट्टी तोंडाकडे नेली.

बाईने वळूनही पाहिलं नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी तिने नीट केली आणि खुर्ची आणखी वीतभर पुढे रेटली. मग त्या माणसाने मान वर केली आणि माझी शिट्टी हातातच राहिली. ते याकोवमिस्त्री होते.

अथेन्सच्या या टेकडीवर, अक्रोपोलिसवर, मी सव्वीस वर्षं पहारा देते आहे. लोकांनी दगडाला हात लावला की शिट्टी वाजवायची, हेच माझं काम. त्यातली बावीस वर्षं याकोवमिस्त्री इथे मोठ्या देवळाच्या दुरुस्तीवर संगमरवर घडवत होते. दुपारी आम्ही एकाच सावलीत जेवायचो. त्यांच्या पावावर टोमॅटो, चीज आणि संगमरवराची धूळ असायची. झटकायचे नाहीत. "मीठ समज," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, शब्दही गेले. एकच उरला, असं ऐकलं होतं.

"पेलागिया ना तू?" बाई म्हणाल्या. "मी अनेझीना. याची बायको. किती वाळलीस! की गणवेशच मोठा दिलाय?"

"वहिनी! तुम्ही वर कशा?"

"परवाच्या बोटीने आम्ही तिनोसला जातोय, लेकीकडे. आता बेटावरच राहायचं. म्हटलं, हा रोज चढायचा ती टेकडी एकदा तरी चढावी. चढले कसली, लिफ्टने आले. लिफ्टवाला अपंग असल्याचा कागद मागत होता. त्याला म्हटलं, अर्धी टेकडी याच्या हातची आहे बाबा, याला कसला कागद?"

"बरं," याकोवमिस्त्री म्हणाले.

"बघ. आता ऊठसूट बरं म्हणतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, झटक्याआधी एकदा म्हणाला असेल तर शपथ." वहिनींनी पर्स बगलेत मारली. "चल, आता तो खांब दाखव. डावीकडून तिसरा."

मी मिस्त्रींकडे पाहिलं.

त्या खांबाची गोष्ट मला ठाऊक होती. त्यांचं घर खाली पेत्रालोनात. गच्चीवरून देवळाची पश्चिमेची बाजू दिसते. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी वहिनींनी कपडे वाळत घालताना विचारलं होतं, "यातलं तुझं कुठलं?" मिस्त्री जेवत होते. तोंडात घास होता, त्यांनी नुसता हात केला. वहिनींनी हाताच्या रोखाने पाहिलं आणि एक खांब ठरवून टाकला. "तिला वाटतंय तर वाटू दे," मिस्त्री मला म्हणाले होते. "खूश आहे. एकदा सांगायचं राहिलं, मग पुढे जमलंच नाही."

आम्ही पश्चिमेला गेलो. खांबासमोर वहिनी थांबल्या. खांब खालपासून वर बघेपर्यंत त्यांना मान मागे टाकावी लागली. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि पर्समधून मोबाइल काढला.

"लेकीला फोटो पाठवते. हस रे याकोव."

मिस्त्रींनी भुवया वर उचलल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

"का? ऊन लागतंय?"

"बरं!" त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली. "बरं! बरं!"

"पेलागिया, काय म्हणतोय हा?"

"दमले असतील," मी म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. कुणी दगडाचा तुटलेला कोपरा लुकणाने बुजवून आणला, की ते असेच बघायचे. ओरडत नसत. पण तो माणूस निमूटपणे दगड परत घेऊन जायचा.

"वहिनी," मी म्हणाले, "हा खांब स्ट्रॅटोसमिस्त्रींचा. ते वारले चार वर्षांपूर्वी."

वहिनींचा मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला. "आणि याचा कुठला?"

मिस्त्रींनी डावा हात उत्तरेकडे केला.

उत्तरेला देवळाच्या लांबच लांब पायऱ्या आहेत. मी दोरीचा आकडा काढला. खुर्ची आत घेतली. मिस्त्रींनी बोट दाखवलं तिथे, खालच्या पायरीच्या कडेला, एक पांढरा तुकडा होता. मधासारख्या पिवळ्या दगडात बसवलेला, तळहाताएवढा. पलीकडे आणखी एक, दोन बोटांएवढा.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

त्या मुद्दाम बोलल्या नव्हत्या, तोंडातून निघून गेलं. मिस्त्री स्वतःच्या निर्जीव हाताकडे पाहू लागले. मला काही तरी बोलायला हवं होतं. जुन्या दगडाचा कणही तासायचा नाही, नवा तुकडाच त्याच्या फुटलेल्या कडेला बसेपर्यंत घासत राहायचं, या तळहाताएवढ्या तुकड्याला तीन आठवडे गेले होते, हे सगळं सांगायचं होतं. पण म्हणाले एवढंच, "वहिनी, नखाने सांधा शोधा."

सव्वीस वर्षांत मी कुणाला दगडाला हात लावा म्हणाले नव्हते.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. सगळा जन्म त्यांनी पेत्रालोनातल्या लोकांचे कपडे दुरुस्त केले, उसवलेलं शिवलं, फाटलेलं रफू केलं. त्यांनी अंगठ्याचं नख पांढऱ्यावरून पिवळ्यावर नेलं. परत आणलं. डोळे मिटून पुन्हा नेलं. नख कुठेच अडलं नाही.

"मेल्या," त्या हळूच म्हणाल्या, "हे तर रफू आहे."

"बरं."

"बरं काय बरं! मला सांगितलं असतंस तर कळलं नसतं का मला? दुसऱ्या कुणाला नाही, पण मला? अख्ख्या गल्लीला मी परक्याचा खांब दाखवत बसले. पाद्रीबाबांना गच्चीवर नेऊन दाखवला!" त्या हसायला लागल्या, मग हसता हसता त्यांनी हाताच्या पाठीने नाक पुसलं. मग गुडघा धरत त्या उठल्या. "हं. पुढचं दाखव."

मिस्त्री दाखवत गेले. वहिनी प्रत्येक ठिकाणी वाकायच्या, नख फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या.

"हे सुरेख बसलंय. हे पण. इथे मात्र घाई केलीस."

"बरं!" मिस्त्री तडकले.

"केलीस! माझ्या नखाला कळतं. त्या दिवशी माझ्याशी भांडून आला असशील."

माझ्या कमरेचा वायरलेस खरखरला. खालच्या चौकीतला अधिकारी विचारत होता, "पेलागिया, उत्तरेला दोरीच्या आत कोण आहे?"

"कामावरची माणसं आहेत," मी म्हणाले.

"आज कसलं काम?"

"तपासणी चालली आहे."

पावणेआठला बाकीच्या पहारेकऱ्यांच्या, टेकडी बंद करायच्या शिट्ट्या वाजायला लागल्या. जूनची गर्दी फोटो काढत काढत दरवाजाकडे सरकली. आमची अजून अर्धी पायरीसुद्धा झाली नव्हती.

"चला म्हणतेस का?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्यांना खाली न्यायला वेळ लागतो," मी म्हणाले. "तुमची लिफ्ट शेवटी."

मिस्त्री एका दगडावर अडले होते. त्यांचं बोट उचललं जायचं, परत खाली यायचं. पश्चिमेचं उतरतं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. वहिनी त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांची सावली पडली तेवढ्या जागेत मिस्त्री पुन्हा शोधू लागले.