कोरड्याची उतराई

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. सध्या उपडा पडलो आहे, म्हणून माझा आवाज जरा घुमतो. त्याला विद्वत्ता समजू नका. पवनीच्या खाली वैनगंगेच्या काठावर माझा मुक्काम आहे आणि माझ्या पोटाखाली बायाबाईच्या कोंबड्यांनी संसार मांडला आहे.

पूर्वी मी आंब्याचे झाड होतो. फळे आंबट द्यायचो, त्यामुळे वादळात पडलो तेव्हा कुणी विशेष हळहळले नाही. मासे धरणाऱ्या मुरारीने माझे खोड मागून आणले, पोखरले, तासले आणि डांबर फासून मला पाण्यात सोडले. त्याची बायको बायाबाई हिने माझ्या नाकाला हळदकुंकू लावले. ती म्हणाली, "झाड होता तं कामाचा नव्हता. आता तरी नीट वाग."

मी नीट वागलो. जाळी वाहिली, धानाची रोपे वाहिली, बाजारची माणसे आणि मास्तर वाहिले. एकदा नवरीसुद्धा वाहिली. ती सगळा वेळ मेकअपची काळजी करत होती, माझी नाही.

पार नेऊन सोडण्याबद्दल जे देतात, त्याला आमच्याकडे उतराई म्हणतात. मुरारीच्या बापाने त्याला या बाबतीत एकच कायदा शिकवला होता: कोरड्याची उतराई घे, ओल्याची घेऊ नको. आपल्या पायाने येऊन डोंग्यात बसला, त्याने खुशाल द्यावे. पाण्यातून ओढून काढला, त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. घेतले तर तो डोंगा पुढच्या बुडत्यापर्यंत पोचत नाही, असे म्हातारा म्हणायचा. मी लाकूड आहे, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता.

पुढे धरण झाले आणि नदी फुगून पसरली. काठाजवळच्या बोडक्या टेकडीला पाण्याचा वेढा पडला. आमच्या काठाकडून एक पायवाट तेवढी उरली, आणि पावसाळ्यात ती केव्हा बुडायची हे पाणीच ठरवू लागले. त्या टेकडीवर आमची गुरेही जात नव्हती. मग शहरातल्या लोकांना शोध लागला की ती सुंदर आहे.

त्या पावसाळ्यात नागपूरचा धनंजय नावाचा गृहस्थ मित्रमंडळ घेऊन आला. मुरारीने त्यांना हटकले, "पानी चढून राहिलं जी. आज नोका जाऊ." धनंजय हसला आणि म्हणाला, "काका, थ्रिल त्यातच आहे." मुरारीला थ्रिल म्हणजे काय ते कळले नाही, पायवाट बुडाल्यावर धनंजयलाही कळेनासे झाले. वरून हाका सुरू झाल्या. सरकारी बोट निघाली आहे असा फोनवर निरोप आला. ती निघालेलीच राहिली. मुरारीने मला पाण्यात लोटले.

शेवटच्या खेपेत पाण्याखाली बुडालेल्या एका झाडाच्या खुंटावर मी आदळलो आणि माझी कूस फाटली. तरी मंडळी काठाला लागली. धनंजयने मुरारीचे हात धरले, डोळे भरून आले त्याचे. "काका, आम्ही तुमचे उतराई कसे होणार?"

मुरारी म्हणाला, "नाई जी. उतराई नाई लागत."

धनंजय उपकाराबद्दल बोलत होता, मुरारी भाड्याबद्दल. दोघेही मराठीच बोलले आणि दोघांचेही समाधान झाले. फाटलो मी. मग सरकारी बोट आली, तिच्यात बसवून सगळ्यांचे फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी बोटीचे कौतुक छापून आले.

माझ्या कुशीत चिंध्या आणि डांबर कोंबले, पण मी गळतच राहिलो. मुरारी दुसऱ्याच्या डोंग्यावर अर्ध्या वाट्याने मासे धरायला जाऊ लागला. नवा डोंगा घ्यायची ऐपत नव्हती. बायाबाईचा पारा चढला, आणि ती थेट ग्रामसभेत उभी राहिली.

"त्यायची मजा झाली, आमचा डोंगा गेला. कोन भरून देते?"

सरपंच ईश्वरभाऊ विचारात पडले. "मुरारी, कायदा तुह्याच बापाचा हाये. ते लोक ओले होते का कोरडे?"

"कोरडे ठक्क!" बायाबाई म्हणाली. "रेनकोट घालून होते. ओला तं माह्या नवरा झाला."

सभा हसली. मुरारी उठला. "वरून कोरडे होते. पन आवाज ओला होता त्यायचा."

"आवाजाले डांबर लावून डोंगा बुजते का?"

सुटकेचे पैसे घ्यायचे आणि तसा बोर्ड लावायचा, असे सभेत ठरू लागले. कूस माझी फाटली होती, आणि मला बायाबाईचे पटत होते. मुरारी एवढेच म्हणाला, "मागा लागन तं मागा. पन बोर्ड नोका लावू. भाव लावला का मानूस आंधी खिसा पाह्यते, मंग बोंब मारते."

बोर्ड लागला. पत्र्याचा, पिवळा, पायवाटेच्या तोंडाशी: टेकडीवर अडकल्यास सुटकेचे शुल्क वसूल केले जाईल. रक्कम लिहिली नव्हती. त्यामुळे वाचणाऱ्याला हवी तेवढी मोठी धरता येत होती.

पुढच्या पावसाळ्यात कॉलेजची दोन पोरे आमच्या नकळत टेकडीवर गेली, मनिष आणि सानगडीचा योगेंद्र. भरदुपारी पायवाट बुडाली. मुरारी अलीकडच्या काठावर माझ्याच शेजारी जाळे विणत बसला होता. हाक आली असती तर सहज ऐकू आली असती. पलीकडे कुणी आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता, कारण हाक आलीच नाही. आली ती एकदम किंकाळी.

मुरारीने आणि बायाबाईने मला लोटले. तो वल्हवत होता, ती डब्याने माझ्यातले पाणी उपसत होती आणि मला शिव्या देत होती. "चाल ना रे बाप्पा! चाल!" मी चालत होतो, मित्रांनो. पण गळका डोंगा जड होतो. मनिष एका बुडत्या पळसाला बिलगला होता, त्याला आम्ही घेतले. योगेंद्र तिथे नव्हता. मुरारीने बुड्या मारमारून त्याला शोधला, आणि माझ्यात आडवा ठेवला.

"आवाज काहून नाई देल्ला बे पोट्ट्या?" बायाबाई ओरडली.

मनिषचे दात वाजत होते. "देनार होतो काकू. पन बोर्ड वाचला होता. आमच्याजवळ बसपुरतेच पैसे होते. योग्या म्हने, घरी माहीत होईन. कंबरेएवढंच पानी असन, चाल."

बायाबाईच्या हातातला डबा थांबला.

संध्याकाळी योगेंद्रचा बाप कवडू आला. गुडघ्यापर्यंत चिखल, धानाच्या बांधीतून तसाच उठून आला होता. पोराच्या तोंडावरून त्याने हात फिरवला. मग खिशात हात घातला आणि बोर्डाकडे पाहून, अगदी रीतसर, विचारले, "उतराई किती झाली जी?"

मुरारीने त्याचा हात खिशाबाहेर काढला आणि धरून ठेवला.

"ओला होता जी."

दुसऱ्या दिवशी बायाबाईने बोर्ड उपटला, कुणाला न विचारता. त्याचा पत्रा कापून मुरारीने माझ्या फाटक्या कुशीवर ठोकला, अक्षरे बाहेरच्या बाजूला. सध्या मी उपडा असल्यामुळे 'शुल्क' हा शब्द फक्त कावळे वाचतात. पत्र्याच्या कडांना डांबर लागल्याशिवाय मला पाण्यात जाता येणार नाही. डांबर अजून आलेले नाही. पाऊस मात्र वेळेवर येईल असे म्हणतात.

मुरारीचा म्हातारा बाप खरे बोलला होता का, याचा मी पडल्या पडल्या विचार करतो. आम्ही ओल्याची उतराई घेतली नव्हती, नुसती मागून ठेवली होती. तेवढ्यानेही डोंगा पोचला नाही.

मित्रांनो, तुम्ही आत्ता कोरडे आहात. काठावर आहात, चहा पिऊन आला आहात, टेकडी तुम्हाला सुंदर दिसते आहे. द्यायचे असेल ते आत्ता द्या. काठावरच्या डोंग्याला डांबराचा एक हात द्या आणि पाणी कसे आहे ते विचारून मग जा. आणि तरीही पाणी चढलेच, तर आधी बोंब मारा. खिसा नंतर पाहा.