विहिरीची गल्ली

विहीर बुजवून तिथे चकाचक इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पेंटरकाका गप्प बसले. त्याच विहिरीत ते पोहायला शिकले होते. पण गल्लीच्या तोंडाशी, भिंतीवर, त्यांनीच ऐन तारुण्यात रंगवलेल्या ‘विहिरीची गल्ली’वर आता ‘ग्रीन अव्हेन्यू’ रंगवा, असं इमारतींच्या कंत्राटदाराने म्हटल्यावर त्यांचं डोकं फिरलं. तरी त्यांनी ब्रश उचलला.

“जुनी अक्षरं खरवडलीत ना?” कंत्राटदाराने विचारलं.

“मला नका शिकवू!” काका खेकसले.

नवं नाव झोकात झळकलं. कंत्राटदार खूश होऊन गेला. संध्याकाळी ऊन तिरपं झालं, तशी नव्या रंगाखालची जाडजूड जुनी अक्षरं ठळक उठून दिसू लागली.

“मामा, खरवडायचं विसरलास?” भाचीने विचारलं.

“विसरायला मी काय कंत्राटदार आहे?”