शिल्लक राहिल्यास पाच मिनिटं

सफरीचा तिसरा दिवस. सकाळी साडेनऊ वाजता सहा माणसांचं एक कुटुंब जहाजाच्या सातव्या मजल्यावरच्या भोजनगृहात, कलिंगड कोरून केलेल्या हंसासमोर नाश्त्याला बसलं होतं. हंस फुकट होता. आइस्क्रीम फुकट होतं, तेही सकाळी सहापासून. खोलीत टॉवेलची घडी घालून केलेलं माकड मिळत होतं, तेही फुकट. पैसे पडत होते ते फक्त एका गोष्टीला: किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलायला.

कुटुंबाचे प्रमुख एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार दोन मिनिटं उशिरा आला तर त्याचा अर्धा दिवस कापायचा, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं. निवृत्तीनंतर मोजायला कामगार उरले नाहीत, म्हणून ते घरच्यांना मोजू लागले. सफर निघाली तेव्हा त्यांनी सात दिवसांसाठी शंभर मिनिटांचं इंटरनेट घेतलं आणि जहाजानेच दिलेल्या कागदावर फूटपट्टीने रेघा मारून वाटणी केली. स्वतः चाळीस. थोरला मुलगा पंचवीस. धाकटा मुलगा पंचवीस. सौ. दहा, गरज नसल्यास स्वतःकडे वर्ग. सुना प्रत्येकी पाच, शिल्लक राहिल्यास.

बेरीज करून पाहिली तर शंभर सौ.पाशीच संपत होते. सुना बेरजेच्या खाली होत्या.

कागद टाइमकीपरांनी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पद्धतीनेच आखला होता. त्यांच्या घरी बायका मागून जेवत, जे उरेल ते. जहाजावर जेवण कधी संपतच नसल्यामुळे ही रीत बिचारी पहिल्याच दिवशी बेकार झाली. लगेच तिला इंटरनेटमध्ये नोकरी लागली.

धाकटी सून लग्न होऊन सहा महिन्यांची. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढायची. काल संध्याकाळी थोरल्याला बोट लागली, तो बादली धरून पडून राहिला, म्हणून त्याची काही मिनिटं वाचली आणि तिच्या वाट्याला पाच आली. फोन सुरू होताच शेजारच्या काकूंचा मेसेज पडला. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, ती पुढच्या महिन्यात. पण दम लागून रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर उद्या अकराला ऑपरेशन करणार. आणि आई सहीच करत नाहीये. म्हणते, मुलीचं तोंड पाहिल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. उद्या साडेदहाला चेहरा दाखव. अकरा वाजले की डॉक्टर पुढच्या पेशंटला घेणार, मग तीन आठवडे नंबर नाही, आणि तीन आठवडे तिच्याकडे नाहीत.

आई म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्यांचे ब्लाउज शिवणारी बाई. माप न घेता काही कापायचं नाही, हा तिचा धर्म. स्वतःची छाती कापू द्यायच्या आधी तिला लेक एकदा डोळ्यांनी मोजून घ्यायची होती.

टाइमकीपर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कालच सांगितलं होतं, "चौदा मिनिटं उरलीत. त्यातली बारा तुझ्या आईसाठी राखून ठेवतो. शब्द आहे माझा."

तेव्हा साडेनऊला धाकटीने टोस्टचा तुकडा तोंडात धरून विचारलं, "बाबा, फोन आत्ताच माझ्याकडे देऊन ठेवता का? म्हणजे कोड टाकून."

कोड फक्त टाइमकीपरांना माहीत होता. टाकताना ते दुसरा हात आडवा धरत.

"साडेदहाचं साडेनऊला कशाला?" ते म्हणाले. "मी दोन मिनिटात आटोपतो, मग बंद करतो. तुझं तुला वेळेवर मिळेल."

ती दोन मिनिटं त्यांनी सुप्रभाताची, फुलांची चित्रं दोनशे चौदा लोकांना पाठवण्यात घालवली. दोनशे चौदांपैकी कोणीही ती उघडून पाहिली नाहीत; पण ते त्यांचं नेहमीचं होतं. मग त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि पपईकडे वळले.

इथे चूक झाली. जहाजाच्या इंटरनेटची गोम अशी की फोन खिशात ठेवला म्हणून ते थांबत नाही. एका पानावर जाऊन, खाली अगदी कोपऱ्यात असलेलं राखाडी बटण दाबावं लागतं. ते न दाबता तुम्ही पपई खाल्लीत, तर कंपनी तुमच्याबरोबर पपई खाते.

दहा पंचवीसला टाइमकीपरांनी फोन काढला, कोड टाकला आणि तोच पुन्हा टाकला.

"काय झालं, बाबा?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. हे चुकीचं दाखवतंय."

पडद्यावर लिहिलं होतं: शिल्लक शून्य.

"बंद करायचं राहिलं असेल," धाकटा मुलगा म्हणाला.

"माझ्याकडून?" टाइमकीपरांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं मी भोंगा वाजवलाय. मी बंद करायला विसरेन? मी?"

धाकटी तोवर जिन्यापर्यंत पोचली होती.

पाचव्या मजल्यावरच्या चौकशी काउंटरपुढे नऊ माणसं उभी होती. दहा एकतीस. धाकटी रांगेत उभी राहून टाचा वर-खाली करत होती. मागून उरलेलं कुटुंब आलं. टाइमकीपर सगळ्यात पुढे, भांडायच्या तयारीत. नंबर लागला तेव्हा दहा एकोणचाळीस झाले होते.

"माझी बारा मिनिटं तुमच्या यंत्राने खाल्ली आहेत," ते काउंटरवालीला म्हणाले. "ती आधी परत करा."

"सर, तुम्ही बंदचं बटण दाबलं नसेल. नवं पॅकेज घ्या ना, इथे सही केली की लगेच सुरू."

"सही केली म्हणजे चूक माझी होती असं ठरतं."

"बाबा, ते आपण नंतर भांडू," धाकटा कुजबुजला. "तिच्या आईचं..."

"तू गप रे. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे."

धाकटीने काउंटरवर दोन्ही हात टेकवले. "ताई, मला फक्त पाच मिनिटं द्या. माझ्या आईचं ऑपरेशन आहे. माझा चेहरा पाहिल्याशिवाय ती सही करणार नाही. तातडीसाठी फुकट असतं ना काही?"

"असतं," काउंटरवाली म्हणाली. तिला खरंच मदत करायची होती. "पेशंट जहाजावर आहेत का?"

"नाही. दवाखान्यात आहे."

"मग तातडी होत नाही. पेशंट जहाजावरचाच लागतो. तुम्हाला काही होतंय का? छातीत वगैरे?"

"होतंय."

"मग तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर आहेत. पण तिथे इंटरनेट नाही."

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. एक टकले गृहस्थ म्हणाले, "पैसे घेणारच ना हो. भर समुद्रात उपग्रहावरून आणायचं, ते काय फुकट येतं?"

"आणि हे आइस्क्रीम काय समुद्रातून काढतात?" एका बाईने विचारलं. तिच्या हातात तिसरा कोन होता. "ते नाही का लांबून आणलेलं? ते बरं तिकिटात बसतं!"

"लोक जगापासून दूर राहायला येतात इथे, मॅडम," काउंटरवालीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"मग दूर राहायचे पैसे घ्या की. जवळ यायचे कसले घेता?"

दहा चव्वेचाळीस.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वडिलांकडे पाहत होता. वडील भिंतीवर टांगलेल्या नियमांकडे पाहत होते. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे असंच पाहत पाहत अकरा वाजणार आहेत.

"माझ्या नावाने वेगळं पॅकेज मिळेल?" तिने विचारलं.

"तुमच्या तिन्ही खोल्या सरांच्या नावावर आहेत. मुख्य प्रवासी तेच. त्यांची संमती लागेल."

"आणि मी नवा फॉर्म भरला? मुख्य प्रवासी म्हणून माझंच नाव लिहिलं?"

काउंटरवालीने नियमांची जाड वही उघडली. सुनेने स्वतः मुख्य होऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच. "चालेल," ती जरा आश्चर्याने म्हणाली. "पण तुमचं स्वतःचं कार्ड लागेल."

कार्ड होतं. धाकटीच्या पगाराचं. पण सफरीला निघतानाच घरातल्या सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट 'हरवू नयेत म्हणून' टाइमकीपरांनी एका खाकी पिशवीत घालून गळ्यात लटकवले होते. ती पिशवी घालूनच ते झोपत.

"बाबा, माझं कार्ड द्या."

"घरी गेल्यावर बोलू."

"घर चार दिवस लांब आहे, बाबा. आईकडे पंधरा मिनिटं आहेत."

"चार लोकांत तमाशा नको. मी यांच्याकडून मिनिटं वसूल करतोच आहे. थोडा दम धर."

"नाही धरत," धाकटी म्हणाली. "तुमची चूक झाली, त्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. बोलणारही नाही. पण तुमची चूक झाकायला माझी आई मरणार नाही. कार्ड द्या."

कोनवालीचं आइस्क्रीम मनगटापर्यंत ओघळलं, तिने पुसलं नाही. टाइमकीपरांनी पिशवी मुठीत धरली.

सासूबाई तीन दिवस जहाजावर कोणाशी काही बोलल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या आणि नवऱ्याच्या मुठीवर हात ठेवला.

"सोडा."

"अगं, तू कशाला..."

"मान वाकवा जरा. अडकेल."

आणि एकतीस वर्षं ज्याच्या भोंग्यावर हजार माणसं हालली, त्या माणसाने मान वाकवली. सासूबाईंनी पिशवी काढली, चेन उघडली, कार्डं पत्त्यांसारखी पसरली आणि धाकटीला म्हणाल्या, "तुझं कुठलं? मला वाचता येत नाही चष्म्याशिवाय. चष्मापण यातच आहे."

दहा एकोणपन्नास.

फॉर्म भरला. मग काउंटरवालीने विचारलं, "कुठलं पॅकेज? फक्त अक्षरांचं स्वस्त आहे. आवाजाचं त्याच्यावर. चेहऱ्याचं सगळ्यात महाग."

"चेहऱ्याचं."

कोड आला. आकडे टाकताना धाकटीचा अंगठा दोनदा चुकला. मग नियम मान्य असल्याचं बटण. मग जहाजाच्या दुकानातल्या मोत्यांच्या माळेची जाहिरात, पंचवीस सेकंद, पुढे ढकलता न येणारी. दहा चोपन्नला काकूंच्या फोनची घंटा वाजली. एकदा. दोनदा. सहाव्यांदा काकूंचा कान दिसला, मग छत, मग चौकोनाचौकोनांनी फुटलेलं काहीतरी पांढरं, आणि त्या चौकोनांतून हळूहळू आई जमली.

"आई! दिसतेय का मी?"

"तुकड्यातुकड्यांनी दिसतेयस." आईला धाप लागली होती. "जरा उजेडात ये. हां. गळ्याचं हाड वर आलंय तुझं. जेवत नाहीस?"

"जेवण फुकट आहे इथे, आई. खूप जेवते. तू सही कर आता."

"रडतेस कशाला मग?"

"तू सही कर, मग नाही रडत."

"कर गं बाई, डॉक्टर दारात उभेत," काकूंचा आवाज आला.

आईने पेन घेतलं. चित्र पुन्हा फुटलं. सगळी रांग धाकटीच्या खांद्यावरून वाकून त्या चौकोनांकडे पाहत होती, टकले गृहस्थही. चौकोनातला हात हलला, थांबला, पुन्हा हलला.

"झाली सही!" काकू ओरडल्या, आणि लाइन तुटली. दहा अठ्ठावन्न.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अजून काहीच झालं नव्हतं. झडप बदलायची होती.

धाकटी काउंटरसमोरच्या कोचावर बसून राहिली, कारण खोलीपेक्षा तिथे रेंज बरी होती. नवरा येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "मी बोलायला हवं होतं." ती "हो" म्हणाली. टाइमकीपर खोलीत जाऊन झोपले. निदान तसं सांगण्यात आलं. थोरली जाऊ मात्र जेवायला वर थांबली नाही. तिने दोन बशा भरून आणल्या आणि कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. 'नीट झालं. शुद्धीवर आली. तुझं हाड वर आलंय म्हणून बडबडतेय.'

धाकटी हसत-रडत जावेच्या गळ्यात पडली. जाऊही रडत होती, पण धाकटी थांबल्यावर ती थांबेना.

"वहिनी, अहो, बरी आहे ती."

"कळलं गं." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "मागच्या वर्षी आम्ही याच कंपनीच्या जहाजावर होतो. तुझं लग्न व्हायचं होतं. मी यांना म्हटलं, आईची तब्येत बरी नाही, एकदा बघू दे. हे म्हणाले, शिल्लक राहिली तर. राहिली नाही. सातव्या दिवशी बंदराला लागलो, फोन सुरू केला, तर एकोणीस मेसेज एकदम पडले. मी शेवटचा आधी वाचला. भावाचा. 'आता राहू दे, घाई करू नकोस.'"

धाकटीने तिचा हात हातात घेतला.

"तुला कोणी सांगितलं नाही, कारण मीच कोणाला सांगितलं नाही," थोरली म्हणाली. "वाटलं, जहाजावर असंच असतं. मला काय माहीत, एक कागद भरायचा असतो."

मग ती उठली, साडी सारखी केली आणि काउंटरपाशी गेली. काउंटरवालीने हसून विचारलं, "बोला मॅडम, तुम्हालाही हवाय का फॉर्म?"

"हो," थोरली म्हणाली. "मागच्या वर्षीचा मिळेल का?"