रोज दोन बोटं

माझ्या जिभेला हाड न्हाई, हे आमच्या घरात सगळ्यांलाच ठाव हाय. नवरा जित्ता हुता तवा म्हणायचा, "नर्मदे, तुझ्या तोंडाला कुलूप घालाया पायजे." मी म्हणायची, "घाला की, किल्ली कुणाकडं ठेवताव?" हसायचा बिचारा. पण त्यानं खरंच कुलूप घातलं असतं तर बरं झालं असतं. माझं एक लेकरू वाचलं असतं, आन् दुसऱ्यांची सोळा घरं.

माझ्या पोरीचं नाव कडू. तिच्या आदी दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून सासूनं हे नाव ठेवलं. कडू म्हणलं की देवाला गोड लागत न्हाई, तो उचलत न्हाई, असा हिशेब. पोरगी अकरा वर्सांची झाली तरी माझी नजर तिच्या अंगावरून हलायची न्हाई. साधी शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावायची.

अठ्ठ्याहत्तर साली आखाड सरता सरता तिच्या घोट्यावर फोड आला. आग आग झाली, फोड फुटला आन् आतून पांढरा दोरा भायेर डोकावला. नारू. आमच्या गावात त्याचं कुणाला नवल न्हवतं. हातभर लांब किडा तो, मासातून निघायचा. दरसाल घरटी एकजण तरी पाय धरून बसलेला असायचा. आन् नारू काढावा तर सरजाबाईनंच.

सरजाबाई बौद्धवाड्यातली. तवा आमी त्या आळीला दुसऱ्याच नावानं हाक मारायचो, ते नाव आता तोंडात घेत न्हाई. ती घरात यायची न्हाई, रीतच हुती तशी. दुखणाईत माणसानं उंबऱ्याच्या आत बसायचं आन् पाय तेवढा भायेर काढायचा. सरजा अंगणात बसून लिंबाच्या पाल्याचा लेप लावायची, तुराटीच्या काडीला दोऱ्याचं टोक गुंडाळायची आन् हळूच पीळ द्यायची. रोज दोन बोटं, जास्ती न्हाई. तिचं झालं की आमी पायावर गोमूत शिंपडायचो आन् पाय घरात घ्यायचो. पाय तेवढा बाटला, धुतला, झालं! कडूला त्याचं लय हसू यायचं. "माय, मी निम्मीच बाटले का गं?" म्हणायची. मी धपाटा घालायची. सरजा मान खाली घालून काडी फिरवायची.

"मावशी, तुटला तर?" कडूनं एकदा इचारलं.

"तुटला तर आतच मरतो, बाय, आन् पाय नासतो. म्हणून घाई करायची न्हाई," सरजा म्हणली.

आठ दिसात निम्मा किडा भायेर आला. पोरीला झोप लागाया लागली. अजून आठ दिस, की माझी कडू उड्या मारत शाळेत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात हुतं.

आमचं पिण्याचं पाणी बारवेचं. पायऱ्या-पायऱ्यांची खोल विहीर ती. आमी बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायचो. ज्याच्या पायाला नारूची आग व्हायची, तो बी तितंच पाय सोडून बसायचा, थंड वाटायचं. सरजाच्या आळीतल्यांला मात्र पयल्या पायरीवर बी पाय ठिवायची सोय न्हवती, पाणी बाटंल म्हणून. ते वढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं पाणी भरायचे.

त्या दिसांत हवाच खराब हुती. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासायबांचं नाव द्यायचं ठरलं आन् गावोगाव टाळकी फिरली. आमच्या गावातली निम्मी पोरं सातवी नापास. विद्यापीठ कोण्या दिशेला हाय हे सांगता येईना मुडद्यांला, पण पारावर बसून दात-ओठ खायलेत! माझा धाकटा दीर भुजंग सगळ्यांच्या पुढं.

मी बारवेत घागर भरायले हुते. रातभर पोरीचं अंग चेपून डोकं उठलेलं. धुरपताबाई म्हणली, "औंदा नारू लयच गं." आन् मी बोलून गेले, "आपल्या घरटी एक हाय आन् त्यांच्या आळीत एकाला बी न्हाई. ते कसं गं? काय कालवत असतील पाण्यात, कुणी बघितलंय?"

बस. एवढंच. सरजावर माझा राग न्हवता. लेकरू दुखण्यात असलं की माणूस कुणावर तरी तोंड सोडतंय. पण खरं सांगू का, बोलताना मला बरं वाटलं. तेच मला अजून खातंय.

वरच्या पायरीवर भुजंग तोंड धुयालता. त्यानं ऐकलं.

तिसऱ्या दिसाला, भर दुपारी, वढ्याच्या अंगाला, सरजाच्या आळीतनं, धूर दिसला. सोळा घरं. माणसं तेवढी वाचली, बाकी समदं गेलं. मी दारात उभी राहून बघत हुते. माझ्या तोंडातनं एक शबूद निघाला न्हाई. एरवी गावाला ऐकू जाईल असं माझं तोंड, त्या दिसाला शिवलं हुतं मेलं!

घंटाभरानं ती माणसं गाठोडी घेऊन आमच्या दारावरून परभणीच्या वाटेला लागली. कडू उंबऱ्यात बसली हुती, पाय भायेर काढून. तिच्या काडीचा वखत झाला हुता ना. तिला काय कळतंय? "मावशी, आज न्हाई का?" म्हणून तिनं हाक दिली.

सरजा थांबली. काखेत गाठोडं, लुगड्याचा काठ जळलेला. तिनं पायाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. लय येळ बघितलं. मंग म्हणली, "रोज दोन बोटं. घाई नगं." आन् गेली. थांब म्हणायचं माझ्या जिभेवर आलं हुतं. पण म्हणले न्हाई.

दोन दिस मी तसंच केलं. तिसऱ्या दिसाला भुजंग जेवायला बसला आन् शेखी मिरवाया लागला, कोणाचं छप्पर कसं धडाधडा पेटलं ते. मी कडूच्या पायाशी, हातात काडी. "गप बस की रे भाड्या!" म्हणून मी वरडले, आन् रागाच्या भरात हाताला हिसका बसला. आवाज सुदा झाला न्हाई. काडी मोकळीच माझ्या हातात आली.

कडूनं माझ्याकडं बघितलं. "माय, तुटला का?"

"न्हाई गं, निघाला समदा," मी म्हणले.

पाय मांडीपस्तोर सुजला. परभणीच्या दवाखान्यात न्यावं तर एसटी बंद, आन् रस्त्यात झाडं आडवी पाडलेली. कुणी पाडली? आमच्याच पोरांनी! बैलगाडीनं चिखलातून दीड दिस लागला. पोचलो तवा पोरीची दातखीळ बसली हुती, पाठीची कमान झालती. डॉक्टर म्हणले, धनुर्वात, उशीर केलात. तिला पाणी पाजायचं म्हणलं तर दात उघडंनात. माझी कडू तशीच तहानेली गेली.

सात-आठ वर्सांनी सरकारी माणूस आला, नागनाथ नावाचा. हातात चित्रं, पिशवीत गाळायची फडकी. चावडीम्होरं बाया बसवून सांगाया लागला. नारू करणीनं होत न्हाई. दुखरा पाय बारवेत बुडविला की किडा पाण्यात अंडी-पिल्ली सोडतो, ते पाणी पेलं की वर्सानं दुसऱ्याच्या पायातून निघतो.

मी इचारलं, "दादा, मंग आमच्या गावात एका आळीला कसा न्हवता?"

"ते कुठलं पाणी प्यायचे?"

"वढ्यातल्या झिऱ्याचं."

"मग बरोबर हाय की. वाळूतून गाळून आलेलं पाणी ते. बारवेत तुमचेच पाय, मावशी," तो म्हणला आन् दुसरं चित्र काढलं.

मी तितून उठले. घरी येऊन चुलीम्होरं बसले आन् मोठ्यानं रडले. पाणी आमीच नासवलं, आमीच पेलो, आन् जाळलं त्यांला. कशापायी? त्यांला आमच्यासारखं दुखणं न्हवतं म्हणून!

औंदा जानेवारीत रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाला नाव दिलं. सोळा वर्सं लागली. त्याच महिन्यात बोरीच्या बाजारात सरजाच्या वस्तीतली एक बाई भेटली, तिनं पत्ता दिला. मी एसटीत बसले आन् परभणीला गेले. टेशनामागं पत्र्याची घरं. एका दारात म्हातारी बसलेली, डोळ्यात मोतीबिंदू.

"सरजाबाई, मी नर्मदा. पाटलाच्या वाड्यामागली." जल्मात पयल्यांदा तिला बाई म्हणले.

ती आत या म्हणली न्हाई. मी उंबऱ्याच्या भायेर जमिनीवर बसले.

"पोरीचा नारू पुरा निघाला का?" तिनं इचारलं. पयला सवाल हाच.

"न्हाई. माझ्या हातानं तुटला. कडू गेली." मंग जे बोलायला आले हुते ते बोलले. "आन् तुमची घरं माझ्या तोंडानं जळाली. बारवेवर मीच बोलले हुते."

ती माझ्या आवाजाकडं वळली. मंग म्हणली, "ठाव हाय. काडी लावताना भुजंग वरडत हुता की, 'वैनी बोलली ते खोटं हाय का?' म्हणून."

म्हंजी त्या दुपारी, गाठोडं घेऊन ती माझ्या दारात थांबली तवा तिला समदं ठाव हुतं.

"मंग थांबलात कामून?" मी इचारलं.

"तुमच्यासाठी न्हाई थांबले," ती म्हणली. "लेकरानं पाय भायेर काढून ठिवला हुता."