ऑरिनकाकांच्या पाण्यातला पिवळा बोया

रॅम लेजच्या कातळावर फुटणाऱ्या लाटांचं माझं तैलचित्र गावच्या वाचनालयात लागलं, तेव्हा लाटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे एका पिवळ्या ठिपक्याकडे बघत होते. करडं पाणी, करडं आभाळ, करडा कातळ. जरा रंग हवा म्हणून मी लाटेत माझा बोया तरंगत ठेवला होता. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर प्रत्येकाच्या बोयाचा रंग ठरलेला; बोया दिसला, की खाली त्या रंगाच्या मालकाचा लॉबस्टरचा पिंजरा. आणि रॅम लेजचं पाणी ऑरिनकाकांचं; तिथे पिंजरे फक्त त्यांनी टाकायचे.

दुसऱ्या दिवशी चित्राच्या चौकटीला दोरीची गाठ. परक्या पाण्यात शिरणाऱ्याला ही पहिली ताकीद. दुसरी नसते, सरळ सगळ्या पिंजऱ्यांचे दोर कापतात. माझे खरे पिंजरे तीनशे.

"काका, ते चित्र आहे."

"मग मी काय आंधळा आहे? शनिवारपर्यंत काढून घे."

चित्र तोवर गावातल्या हॉलवेलबाईंनी विकत घेतलं होतं, तेही पिवळ्यासाठी. त्यांच्या सोफ्यावरच्या उशा पिवळ्या आहेत. तरी मी जीव मुठीत धरून बोयावर एक लाट चढवली.

काका चष्मा लावून बघत राहिले. "बोया बुडाला म्हणून खालचा पिंजरा उठून घरी गेला का रे?"

मग मी लाटांत माझी बोट रंगवली, पिंजरा वर ओढून घेतला, पिवळा बोया बोटीत ठेवला. हॉलवेलबाई खूश झाल्या.

काका चित्राला नाक लावून उभे. "पिंजऱ्यात काही दिसत नाही."

"रिकामाच निघाला."

"माझ्या पाण्यात? बदनामी करतोस?"

"बरं, दोन होते."

"माझ्या पाण्यातले म्हणजे माझे."

संध्याकाळी मी दोन जिवंत लॉबस्टर बादलीतून पोचवले. काकांनी पितळी मापपट्टी लावली. एक कायद्याच्या मापापेक्षा केसभर आखूड निघाला. तो त्यांनी धक्क्यावरून समुद्रात सोडला.

"चित्रात एकच दाखव. आणि मापात."

मी ब्रश घेतला. शेजारी काका, चित्रावर तीच पट्टी धरून. मापात बसेपर्यंत लॉबस्टर माझ्या बोटीपेक्षा मोठा झाला. काकांनी चष्मा पुसला, दोनदा मोजला आणि तीनशे दोरांना अभय दिलं.

"असे मिळतात माझ्या पाण्यात," ते म्हणाले.