आवीची रूपं

“मेंढीला मेंढी न्हाई म्हनायचं, तर काय म्हैस म्हनायचं, मास्तर?” मनकर्णाबाई म्हणाली आणि काठीवर रेलली.

चारठाण्याच्या माळावर भर उन्हात दिनकरराव वही उघडून उभे होते. बावीस वर्षं मास्तरकी. पहिली तेरा निजामाच्या अमलात उर्दूतून शिकवण्यात गेली, पुढची नऊ तेच मराठीतून शिकवण्यात. नाव मात्र हजेरीपटाबाहेर कुठं उमटलं नव्हतं. शब्दांचा नाद इतका, की बायको भाजीत मीठ विसरली तर हे ‘लवण’ हा शब्द कुठून आला ते सांगत बसायचे.

हैदराबादच्या एका प्रोफेसरांचं परवा पत्र आलं होतं. रशियन, पोलिश, सर्बियन या साऱ्या भाषांच्या आद्य स्लाव्ह आजीच्या, म्हणजे मूळ भाषेच्या, तोंडी मेंढीला ‘ओव्हित्सा’ असावं. ‘असावं’, कारण तो शब्द लिहून कुणीच ठेवला नाही. नातवंडांची नाकं जुळवून आजीचा चेहरा काढावा, तसा विद्वानांनी काढलेला. आपल्या संस्कृतातली ‘अवि’, ‘अविका’ त्याच गोतातली. तुमच्याकडच्या धनगरांत ती कुठं उरली आहे का? मिळाली तर निबंधात तुमचं नाव छापीन.

त्या शेवटच्या वाक्यापायी मास्तर जेवायचे राहिले होते.

“जुनं नाव हवंय, मावशी, पुस्तकात छापायला. आजी-पणजीच्या तोंडातलं.”

“म्हातारी मेंढ्यांना नुसती हुर्र करायची!” ती हसली. “माझी ती एक आवी हाय बगा, कानतुटकी. तिला तेवढं मेंढी म्हनत न्हाई.”

मास्तरांनी पेन्सिल सरसावली. “काय म्हणालात? तिला पाला घातला तर?”

“आवीला घातला.”

“तिचं पिल्लू?”

“आवीचं.”

“आणि हाक मारताना?”

“ए आवे! काहून वो, तुमाला मारायचीय?”

मास्तर उडालेच. पत्रात त्या शब्दाची रूपं दिली होती. हाक मारताना त्याच्याही शेवटी ‘ए’. ओव्हित्से! आवे! छापलेला निबंध त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, मनात वाचूनही घेतला.

“आता एवढंच सांगा. हे नाव कुणापासून चालत आलं?”

मनकर्णाबाई कळपाकडं बघत राहिली. “माझी आवडा. आवी म्हनायचे मी. सात वर्साची व्हती. देवी निघाल्या, तीन दिसांत गेली. तोंडाची हाकेची सवय जाईना. मंग हे पिल्लू झालं, त्याला तीच हाक मारायला लागले.”

पेन्सिल थांबली. ‘आवी’ तेवढं लिहायचं, पुढचं गाळायचं. हैदराबादेहून तपासायला कोण येणार होतं?

“पुस्तकात यील का वो तिचं नाव?” तिनं हळूच विचारलं. “कुटंच लिव्हलेलं न्हाई. साळंत घालायची राह्यली.”

म्हणजे दोघांचीही हौस एकाच खोट्यानं भागत होती. मास्तरांनी मानेवरचा घाम पुसला.

“येईल, मावशी. पण मेंढी म्हणून येईल. तुमची लेक म्हणून नाही.”

ती काठी सावरून उभी राहिली. “मंग नका लिव्हू.”

मास्तरांनी ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं : चारठाणा, नाही. वही मिटली.

“लिव्हल्यावर दिसतं तरी कसं?” ती मागून म्हणाली.

तिचीच काठी मागून घेऊन मास्तर वाकले आणि पायवाटेच्या मऊ मातीत त्यांनी लिहिलं : आवडा.

“ही उभी रेघ कशाची?”

“काना. त्यानं आवाज लांबतो.”

“आसं.”

ती पुष्कळ वेळ बघत उभी राहिली. मग काठी घेऊन पुढं झाली, आणि अख्खा कळप तिनं पायवाट सोडून, काट्याकुट्यांतून वळसा घालून नेला.