वरमाय हसली तर…

पिंपळनेरच्या भिकुबाईचा घसा बसला तो नेमका लेकीच्या लग्नात. एरवी वर्षभर बसला असता तरी कुणाची हरकत नव्हती! पण दोन दिवस बाई लाउडस्पीकरच्या वरताण ओरडून आचाऱ्यांना कामाला लावत होती. हळद लागली आणि आवाज गेला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, पण घशातून फक्त हवा.

आता दुपारी विहिणीची पंगत. वरमाय जेवायला बसली की दोन्हीकडच्या बायांनी गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढायची. त्यात भिकुबाईचा हात आजवर कुणी धरला नव्हता. टोमणा आला रे आला की उत्तर तयार. तिचा आवाज गेल्याचं कळलं तेव्हा चाळीसगावच्या वऱ्हाडातल्या बाया म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला!"

उरली होती ती वही. सून लता धुळ्याला मॅट्रिक झालेली. तिने सासूची गाणी शंभर पानी वहीत उतरवून घेतली होती आणि पुढे अनुक्रमणिका केली होती, गाण्याची पहिली ओळ आणि पान. ती वाचून दाखवली तर भिकुबाई खो खो हसली होती. "पहिली ओय याद ऱ्हायनी, तं वही कसाले उघाडू वं?"

लताला ते पटलं. पहिली ओळ आठवली तर पुढचं गाणंही आठवणारच. तिने वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी केली. समोरून काय येईल ते आधी आणि त्याला उत्तर कुठलं ते पान पुढे. 'स्वयंपाकाला नावं ठेवली तर, पान २३.' 'दागिने मिरवले तर, १२ आणि ४०.' 'नवरदेव काळा असेल तर, ५१. गोरा असेल तरी ५१.' 'वरमाय रुसली तर, ७, ३४, ६२.' त्याखाली शिस्तीची सून म्हणून तिने लिहिलं, 'वरमाय हसली तर' आणि विचारलं, "अक्का, याचं पान?"

"वरमाय कधी हासस का? खोड ते."

लताने खोडलं नाही. पुढची जागा कोरी ठेवली.

पंगत बसली. वरमाय तानुबाई, नवरा रेल्वेत, स्वतः सातवी शिकलेली, पाटावर ऐसपैस बसली. तिच्याकडच्या बायांनी विहिणीच्या वरणापासून सुरुवात केली, "याहीनना वरणमा डाय काई दिसेना!"

लताने मागचं पान पाहिलं आणि तेवीस काढलं. पिंपळनेरच्या सगळ्याजणी गरजल्या, "डाय दिसेना तं याहीनबाई, चष्मा लावा डोयाले!"

मग नथीवरून आलं, पान बारा. आहेरावरून आलं, पान अठ्ठावन्न. मांडवात हशा उसळत होता आणि चाळीसगावकरणी घामाघूम झाल्या होत्या. भिकुबाईने खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण ती खांबाला टेकून बसली होती. चाळीस वर्षं जे आपल्या तोंडून ऐकायला लोक थांबायचे, ते आता वहीतून निघत होतं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. आपण मेलो काय न् जगलो काय, असंच तिला वाटलं.

इतक्यात तानुबाईने हात पुढे केला. "ती वही बघू."

वरमायेला नाही कोण म्हणणार? लताने वही दिली. तानुबाईने सरळ शेवटचं पान उघडलं आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. वरमायेच्या रुसण्यावर तीन-तीन गाणी पाहून तिच्या भुवया वर गेल्या. झालं, आता ताट लोटते की काय!

आणि तानुबाईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "इथं लिहिलंय, वरमाय हसली तर. पण पानच नाही. मी तर हसले बाई. आता गाणं म्हणा. त्याशिवाय घास घेणार नाही."

तिने ताटावर हात आडवा धरला. अख्खी पंगत थांबली. लता पानं उलटायला लागली, पुढून मागे, मागून पुढे. नसलेलं गाणं सापडणार कुठून? शेवटी तिने सासूकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनीच पाहिलं.

भिकुबाई उठली. घसा खाकरला. फुटक्या पिपाणीतून यावा तसा आवाज निघाला, पण निघाला.

"हसनी वं याहीनबाई, हसनी भरी पंगतमा,
लेक मन्ही बी हासू द्या वं अशीच तुम्हना घरमा."

तानुबाईने पुन्हा डोळे पुसले, या वेळी हसू नव्हतं. तिने ताटावरचा हात काढला, पहिला घास केला आणि शेजारी बसलेल्या नव्या सुनेच्या, भिकुबाईच्या लेकीच्या, तोंडात घातला.

लताने पेन्सिल काढली. "अक्का, पान कितवं घालू?"

"कोरा पाना कितला शेतस?" भिकुबाईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चार."

"चारमा काय व्हस? जाय, नई वही लई ये."